टाक्यांच्या आधी जिवाणूकडे बघा : मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
मराठवाड्यातील सहकारी साखर कारखाने

स. न. वि. वि.

गाळप हंगाम तोंडावर आला की बोर्डाच्या बैठकांत उपपदार्थांचा विषय निघतोच. इथेनॉलवर बरीच भिस्त ठेवून झाली. पण ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाचा रस आणि सिरप इथेनॉलकडे वळवायला मनाई केली, आठवडाभरात ती सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली होती त्यांची तेवढ्या दिवसांत काय अवस्था झाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा इथेनॉलखेरीज दुसरं काय, हा प्रश्न रास्तच आहे. त्यावर हल्ली एक उत्तर ऐकू येतं : मळीपासून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, करा. कोंबडीखाद्यात पडणारं लायसिन हे त्यांतलंच एक, ते आपण बहुतांश बाहेरून आणतो, मळी आपल्याकडे आहे, मग अडतंय कुठं?

अशा एका प्रकल्पाचा अहवाल माझ्या वाचनात आला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. टाक्या, बॉयलर, कॉम्प्रेसर, बाष्पक, सुकवणी यंत्र, सगळ्यांची पानंच्या पानं. जिवाणूविषयी मात्र एकच ओळ : ‘योग्य स्ट्रेन उपलब्ध करून घेतला जाईल.’ स्ट्रेन म्हणजे जिवाणूचा विशिष्ट वाण. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

मी सभासदाची मुलगी. काही वर्षं एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काढली, आता लातुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डिस्टिलरीत काम केल्यामुळे एक गोष्ट ठाऊक आहे : तिथं स्ट्रेनकडे फारसं कुणी बघत नाही, आणि बघायची तितकीशी गरजही पडत नाही. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं आणि ते अल्कोहोल पेशीच्या पातळ पडद्यातून आपोआप बाहेर झिरपतं. अल्कोहोलचा रेणू लहान, विद्युतभार नसलेला. त्याला वाट करून द्यावी लागत नाही. अमिनो आम्लाचं तसं नाही. त्याच्यावर विद्युतभार असतो आणि पेशीचा पडदा असतो स्निग्ध पदार्थांचा. भार असलेला रेणू त्यातून सहजासहजी जात नाही. त्याला आत यायला आणि बाहेर पडायला पडद्यात बसवलेली प्रथिनं लागतात. पुस्तकात त्यांना वाहक प्रथिनं म्हणतात, प्रयोगशाळेत ट्रान्सपोर्टर. मी इथं सरळ दारं म्हणते. डिस्टिलरी चालवलेल्या माणसाला या दारांचा विचार कधी करावाच लागलेला नाही, म्हणून अहवालात ती एकच ओळ येते.

या धंद्याचा इतिहासच मुळी एका न कळलेल्या दाराचा आहे. जपानमध्ये १९५०च्या दशकात क्योवा हाक्को या कंपनीच्या शुकुओ किनोशिता आणि शिगेझो उदाका यांनी मातीतला एक जिवाणू वेगळा केला. आज त्याला कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणतात. तो भोवतालच्या पाण्यात ग्लुटामिक आम्ल सोडतो, हे त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं. चायनीजच्या गाड्यावरचं अजिनोमोटो ते हेच, सोडियमची जोड मिळालेलं. अट एकच होती : बायोटिन हे जीवनसत्त्व त्याला तुटपुंजं मिळालं पाहिजे. भरपूर मिळालं तर जिवाणू फोफावतो आणि ग्लुटामेट पोटातच ठेवतो.

आता आपल्या मळीकडे या. उसाच्या मळीत बायोटिन भरपूर असतं. म्हणजे किनोशितांची युक्ती मळीवर चालत नाही. त्यावर तोड निघाली : वाढीच्या मध्यावर थोडं पेनिसिलिन टाकायचं, किंवा ट्वीनसारखा साबणवजा पदार्थ. लगेच ग्लुटामेट बाहेर पडायला लागतं. का पडतं, ते मात्र कळत नव्हतं. पडदा फाटतो नि गळती होते, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २००७ मध्ये जपानी संशोधकांनीच दाखवलं की ही नुसती गळती नाही. पडद्यावर ताण आला की उघडणारं एक प्रथिन तिथं आहे, आणि बायोटिनची उपासमार, पेनिसिलिन, ट्वीन या तिन्ही युक्त्या अखेर त्याच्यापाशी येऊन पोचतात. पन्नास वर्षं लाखो टन माल एका दारातून निघत होता आणि दार कुणी पाहिलेलं नव्हतं. ते सापडल्यावर त्याच्या जनुकात बदल करून, बायोटिन भरपूर असतानाही दार उघडं राहील असे स्ट्रेन करता आले. मळी वापरणाऱ्याला यापेक्षा कामाचा शोध क्वचितच मिळेल.

लायसिनची गोष्ट याहून सरळ आहे. जर्मनीत युलिश इथल्या संशोधन केंद्रात मारिना व्रलीच, हेर्मान साम आणि लोथार एगेलिंग यांनी १९९६ मध्ये लायसिन बाहेर नेणारं प्रथिन शोधलं आणि त्याला लिस-ई हे नाव दिलं. अमिनो आम्ल बाहेर काढणारं हे ओळख पटलेलं पहिलं दार. त्याचं जनुक काढून टाकलं की जिवाणू लायसिन बाहेर सोडणं बंद करतो, आणि जास्त प्रमाणात बसवलं की बाहेर पडायचा वेग वाढतो. त्यांनी दार नसलेल्या जिवाणूला लायसिन असलेले प्रथिनांचे तुकडे खाऊ घातले. तो ते खात राहिला, लायसिन आत साठत गेलं, एक मोलरच्या वर, म्हणजे लिटरमागे १४६ ग्रॅमपेक्षा जास्त. तिथं त्याची वाढच थांबली. जिवाणूनं हे दार का बाळगलं असेल, याचं उत्तर या प्रयोगात मिळतं. कोरिनेबॅक्टेरियमला लायसिन पचवून संपवता येत नाही. जास्त झालं की बाहेर टाकणं हाच त्याच्याकडचा उपाय.

शिवाय लायसिनवर धनभार असतो आणि पेशीच्या आतली बाजू ऋणभारित. म्हणजे लायसिनची ओढ आतच राहण्याकडे. त्याला बाहेर काढायला ऊर्जा खर्ची पडते. आणि आत लायसिन साठलं की ते स्वतःच्याच उत्पादनाला लगाम घालतं. अस्पार्टोकायनेज नावाचं विकर ही लायसिनची पहिली पायरी. लायसिन आणि थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल मिळून ते बंद पाडतात. हा लगाम तोडणं हा जुना उपाय, आणि तो परिणामकारक आहे. २००२ मध्ये क्योवाच्या लोकांनी कोऱ्या जिवाणूच्या जनुकांत फक्त तीन ठिकाणी एकेक अक्षर बदलून २७ तासांत लिटरला ८० ग्रॅम लायसिन मिळवलं. २०११ मध्ये जर्मनीत बारा नेमके बदल केलेल्या स्ट्रेननं ३० तासांत १२० ग्रॅम गाठलं. पण उत्पादन इतकं वाढलं की पुढची अडचण दारापाशीच येते. आतला वेग वाढवलात आणि दार तेवढंच ठेवलंत तर आतला साठा चढतो, पेशी मंदावते आणि तुमचा टाकीवरचा खर्च वाया जातो.

बाहेर नेणारं दार वाढवून भागत नाही, आत घेणारं बंदही करावं लागतं. जिवाणूला फुकट मिळालेलं अमिनो आम्ल सोडवत नाही. बाहेर टाकलेलंच दुसऱ्या दारानं परत आत ओढतो, आणि प्रत्येक फेरीला ऊर्जा जाळतो. दक्षिण कोरियातल्या कायस्ट या संस्थेत सांग यप ली यांच्या गटानं २००७ मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूपासून थ्रिओनिनचा स्ट्रेन बांधला. त्यात थ्रिओनिन बाहेर नेणारी तीन दारं वाढवली आणि आत घेणारं एक मोडून टाकलं. इतर बदलांसह उतारा मिळाला लिटरला ८२.४ ग्रॅम. ट्रिप्टोफॅनमध्येही तोच अनुभव : ट्रिप्टोफॅन ज्या ‘ॲरोमॅटिक’ गटात मोडतं त्या गटातली अमिनो आम्लं आत घेणारी दारं काढली की हाती येणारा माल वाढतो.

आता आपल्या कामाचं तिसरं दार, साखर आत यायचं. यावर त्या अहवालात मला एक शब्द सापडला नाही, आणि मळी वापरायची तर खरी मेख इथंच आहे. जगभरातले बहुतेक आकडे ग्लुकोजवरचे असतात, मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या. आपल्या मळीत मुख्य साखर सुक्रोज. कोरिनेबॅक्टेरियम सुक्रोज आत घेतो, फोडतो. ग्लुकोजचा अर्धा भाग लगेच कामाला लागतो. फ्रुक्टोजचा अर्धा भाग मात्र आत असूनही त्याला वापरता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं फ्रुक्टोकायनेज हे विकर त्याच्याकडे नाही. मग तो ते फ्रुक्टोज बाहेर टाकतो आणि वेगळ्या दारानं पुन्हा आत घेतो. हा उलटा हेलपाटा नुसता वेळखाऊ नाही. या दुसऱ्या दारानं आलेलं फ्रुक्टोज चयापचयाच्या मार्गावर खालच्या टप्प्याला मिळतं आणि जिथं एनएडीपीएच (पेशीला नवे रेणू बांधायला लागणारं इंधन) तयार होतं तो फाटा चुकवतं. लायसिनच्या एका रेणूला एनएडीपीएचचे चार रेणू लागतात. तेव्हा अहवालात ग्लुकोजवरचा उतारा लिहून हिशेब मळीचा मांडला असेल तर तो हिशेब पहिल्याच पानावर चुकलेला आहे. क्लॉस्ट्रिडियममधलं फ्रुक्टोकायनेजचं जनुक बसवून हा हेलपाटा टाळता येतो, हे प्रयोगांनी दाखवून झालंय. ई. कोलायचा प्रयोगशाळेतला नेहमीचा के-१२ वाण तर सुक्रोज खातच नाही; त्याला आधी ती दारं द्यावी लागतात.

साखर आत घेण्याची या जिवाणूंची नेहमीची पद्धत आणखी एका अर्थानं महाग आहे. साखरेच्या प्रत्येक रेणूमागे ते फॉस्फोइनॉलपायरुवेट खर्च करतात, आणि नेमकं तेच लायसिनच्या कच्च्या मालापैकी एक. ते दार बंद करून, जिवाणूच्याच जनुकसंचात इनोसिटॉल या साखरेसारख्या पदार्थासाठी असलेलं दुसरं दार साखरेला वापरायला लावण्याचं काम जपान आणि जर्मनीत झालेलं आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की मग सगळी दारं भरपूर बसवून टाकू. तसं होत नाही. पडद्यात जागा मोजकी असते. वाहक प्रथिनं जरुरीपेक्षा जास्त बनवली की ती नीट बसत नाहीत, पडदा कमकुवत होतो, पेशी वाढायचं सोडून त्यांच्याच निस्तरणीत अडकते. किती, कधी आणि कशाच्या इशाऱ्यावर, हे एकेका स्ट्रेनसाठी, एकेका मळीसाठी जुळवावं लागतं. लातूरची मळी आणि परभणीची मळी क्षारांत सारखी नसते. एकाच कारखान्याची डिसेंबरातली आणि मार्चमधली सारखी नसते. म्हणून विकत आणलेला स्ट्रेन परवान्यासकट आला तरी इथं आल्यावर त्याला हात लावणारी माणसं लागतातच.

ही माणसं आपल्याकडे नाहीत, असं मला कुणी सांगू नये. दरवर्षी सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान घेऊन पोरं बाहेर पडतात. त्यांतली काही वाळूजच्या औषध आणि बिअर कंपन्यांत गुणवत्ता तपासणीला लागतात, काही औषधांची बॅग घेऊन दवाखाने फिरतात. (लातूर पॅटर्नमधून डॉक्टर झालेली पोरं त्यांच्याकडून नमुन्याच्या गोळ्या घेतात, हा आणखी एक विनोद.) परभणीला कृषी विद्यापीठ, लातुरात त्याचंच कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय, नांदेड आणि संभाजीनगरला विद्यापीठं, जालन्याला २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. सुरुवातीचा जिवाणू तिथून मागवता येतो.

आणि हे काम प्रत्येक वेळी कोट्यवधींच्या यंत्रांचंच असतं, असंही नाही. ई. कोलायमधलं थ्रिओनिन बाहेर नेणारं एक दार, आर-एच-टी-ए, मॉस्कोच्या लिवशिट्स आणि सहकाऱ्यांना कसं सापडलं ते बघा. थ्रिओनिन आणि होमोसेरिन इतक्या प्रमाणात असलेल्या माध्यमावर जिवाणू वाढवायचा की साधा जिवाणू तगणारच नाही. जो तगला त्यानं बाहेर टाकायची काहीतरी सोय केलेली असणार. ताटल्या, इन्क्युबेटर, चिकाटी. जनुक नंतर ओळखलं. याहून नेमकी युक्ती युलिशची, २०१२ ची : लायसिन वाढलं की दाराचं जनुक चालू करणारं लिस-जी नावाचं नियंत्रक प्रथिन जिवाणूत असतं, त्याच्या इशाऱ्यावर चमकणारं प्रथिनही बनेल अशी जोडणी केली, आणि लाखो पेशींतून सर्वांत जास्त चमकणाऱ्या पेशी यंत्रानं निवडून काढल्या. पहिली पद्धत आमच्या महाविद्यालयातही होऊ शकते. दुसरीला यंत्र लागेल, पण एका विभागात एक पुरे.

दोन गोष्टी तुमच्या कानावर आधीच घालते, नाहीतर म्हणाल हिनं सोयीचं तेवढंच सांगितलं.

पहिली, डिस्टिलरीच्या टाक्यांत हे होणार नाही. यीस्टच्या टाकीला हवा फुंकावी लागत नाही आणि तिथं थोडीफार घाण चालून जाते. अमिनो आम्लाच्या टाकीत अखंड निर्जंतुक हवा लागते, आणि कोरिनेबॅक्टेरियमला तीस अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंशांत, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या जिल्ह्यात, ती टाकी थंड ठेवायला पाणी कुठून आणणार, याचं उत्तर अहवालात शोधा. मला सापडलं नाही. बहुधा हंगामातल्या थंडीच्या महिन्यांपुरताच प्रकल्प चालवणं शहाणपणाचं ठरेल, किंवा जास्त उष्णता सोसणारा स्ट्रेन हेच पहिलं उद्दिष्ट ठेवावं लागेल. पुन्हा प्रश्न स्ट्रेनचाच.

दुसरी, लायसिनच्या मागे लागू नका. जगात वर्षाला वीस लाख टनांहून जास्त लायसिन बनतं आणि त्यात चीनचे अजस्र कारखाने आहेत. दोन-तीन हजार टनांची टाकी घेऊन आपण त्यांच्याशी भावात लढू, हे मला पटत नाही. थोड्या प्रमाणात विकलं जाणारं आणि किलोमागे जास्त पैसे देणारं काहीतरी निवडा. सिस्टीन हे अमिनो आम्ल बघा. पावाची कणीक सैल करायला, खोकल्याच्या औषधांच्या कच्च्या मालाला ते लागतं. पूर्वापार ते पिसांपासून आणि माणसाच्या केसांपासून आम्लात उकळून काढतात; शाकाहारी ग्राहकाला ते नको असतं. वॅकर ही जर्मन कंपनी ते ई. कोलायपासून करते. सिस्टीन पेशीला विषारी, आत साठवून चालतच नाही, त्यामुळे तिथं बाहेर नेणारं दार वाढवणं हा पायाचा भाग होता. वॅकरची पेटंटं जुनी होत आली आहेत. वकिलाकडून तपासून घ्या.

माझी मागणी यंत्रांच्या यादीत बसणारी नाही. प्रत्येकानं स्वतंत्र अहवाल करून घेण्यापेक्षा चार-पाच कारखान्यांनी मिळून एक स्ट्रेन प्रयोगशाळा उभारावी. जागा जालन्याला किंवा परभणीला, जिथं शिकवणारी माणसं आहेत. पाच-दहा लिटरचे काही फर्मेंटर (जिवाणू वाढवायच्या छोट्या टाक्या), आठ-दहा पोरं, आणि नमुने म्हणून तुमचीच मळी, प्रत्येक पंधरवड्याची. जनुकात बदल केलेल्या जिवाणूंसाठी १९८९ चे नियम आहेत. संस्थेत जैवसुरक्षा समिती नेमणं हे पहिलं पाऊल, मोठ्या उत्पादनाच्या परवानग्या त्यानंतर. हे करायला वेळ लागतो, म्हणून टाकीच्या ऑर्डरच्या आधी करायचं. केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये बायो-ई-थ्री हे जैवनिर्मितीचं धोरण मंजूर केलंय, त्याखाली संघ म्हणून मदत मागता येईल. एकेकट्या कारखान्याला ते अवघड जाईल. प्रयोगशाळेनं दोन हंगामांत स्थानिक मळीवर चालणारा स्ट्रेन दाखवला तर पुढचं कर्ज काढा. नाही दाखवला तर टाक्या न घेतल्याबद्दल सभासद तुम्हाला दुवाच देतील.

साखर कारखान्यांना हे झेपणार नाही, असं मला वाटत नाही. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यानं इथेनॉलच्या यंत्रणेत फेरफार करून ऑक्सिजन काढला होता. तिथं यंत्र बदलायचं होतं, इथं जिवाणू. फरक इतकाच की जिवाणूला घाई करता येत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा आणि ज्या कारखान्यांनी असे अहवाल करून घेतले आहेत त्यांनी त्यातलं स्ट्रेनविषयीचं पान सभासदांना वाचून दाखवावं, ही विनंती.

कळावे,
आपली,
एका ऊस उत्पादक सभासदाची मुलगी व सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका,
लातूर

ता. क. : ऊस लावणारे तुमचे बरेच सभासद सोयाबीनही पेरतात, म्हणून एवढं आणखी. डुकरांच्या खाद्याबाबत अमेरिकेत एक जुना हिशेब आहे : तीन किलो लायसिन हायड्रोक्लोराइड आणि सत्त्याण्णव किलो मका मिळून शंभर किलो सोयापेंडीची जागा घेतात. कोंबडीखाद्यातही लायसिन आणि थ्रिओनिन स्वस्त झालं की पेंड कमी पडते, मका जास्त. मेथिओनिन मात्र पेंडीतच कमी असतं, त्यामुळे ते पेंडीला हटवत नाही, पुरं करतं. कुठलं अमिनो आम्ल करायचं हे ठरवाल तेव्हा लातूरच्या आडतीवर सोयाबीनला काय भाव मिळतो, तो आकडाही टेबलावर ठेवा.